चाक, रूळ आणि वीज : डिजिटल प्रतिकृती-रेल्वेच्या वीजपुरवठ्याचा आढावा

प्रतिकृती-रेल्वेच्या, म्हणजे खऱ्या रेल्वेची ठरावीक प्रमाणात लहान केलेली चालती नक्कल उभारण्याच्या छंदात, गाडी मध्येच अडण्याची तक्रार छंदाइतकीच जुनी आहे. नियंत्रण डिजिटल झाल्यावर ती संपली नाही, तिचे मूळ शोधणे मात्र अधिक अवघड झाले. महाराष्ट्रात, आणि विशेषतः भारनियमनाची वर्षे सोसलेल्या हिंगोलीसारख्या जिल्ह्यात, या विषयाची चर्चा 'लाईट गेली तर काय' या प्रश्नापासून सुरू होणे स्वाभाविक आहे. तथापि तासभर वीज जाणे ही या गाड्यांच्या दृष्टीने सर्वांत सोपी अडचण होय, कारण ती सर्वांना कळते आणि तिच्यावरचा उपाय बाजारात तयार मिळतो. खरा उपद्रव सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाएवढ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या खंडांचा असतो, आणि ते खंड महावितरणच्या तारेत नव्हे, तर चाक आणि रूळ यांच्यामधल्या धुळीच्या पापुद्र्यात निर्माण होतात. विश्वासार्हतेचा विचार म्हणून मीटरपासून रुळाकडे न करता, इंजिनाच्या मोटरपासून मागे मीटरकडे करणे अधिक उपयुक्त ठरते.

जुन्या पद्धतीत दोन रुळांमध्ये साधारण १२ व्होल्टपर्यंतचा एकदिश प्रवाह सोडला जाई. दाब वाढवला की गाडी वेगाने धावे, ध्रुव उलटे केले की मागे येई. या पद्धतीत रुळावरची प्रत्येक गाडी त्याच दाबाला बांधलेली असल्याने, दोन गाड्या वेगवेगळ्या चालवायच्या तर मार्गाचे विद्युतदृष्ट्या तुकडे पाडून स्विचांचे जंगल उभारावे लागे. प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र आज्ञा देण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. ब्रिटनमधील हॉर्न्बी कंपनीची १९८०च्या आसपासची 'झीरो वन' ही त्यांपैकी एक, आणि रूळ लख्ख नसतील तर ती रुसून बसे, हा तिचा लौकिक आजही जुन्या छांदिष्टांच्या लक्षात आहे. पुढे जर्मनीतील लेन्झ कंपनीने विकसित केलेल्या पद्धतीच्या आधारे अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात एक खुले प्रमाण स्वीकारले. 'डिजिटल कमांड कंट्रोल' अर्थात डीसीसी ते हेच, आणि आज जगभर तेच सर्वाधिक रुळले आहे.

डीसीसीमध्ये रुळांवर कायम पूर्ण दाब असतो, एचओ प्रमाणासाठी, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाच्या गाड्यांसाठी, तो १५ व्होल्टच्या आसपास धरतात. या दाबाचे ध्रुव सेकंदाला हजारो वेळा उलटवले जातात आणि त्या उलटण्याच्या लयीतच निरोप दडलेला असतो : अर्धी उलथापालथ ५८ मायक्रोसेकंदांची असली तर तो 'एक', १०० मायक्रोसेकंद किंवा त्याहून लांब असली तर 'शून्य'. निरोप तयार करणाऱ्या पेटीला आज्ञा-केंद्र म्हणतात, त्या निरोपाला रुळावर लागणारी ताकद देणाऱ्या पेटीला बूस्टर, आणि इंजिनाच्या पोटात बसून आपल्या क्रमांकाचा निरोप तेवढा वेचणाऱ्या नखाएवढ्या पाटीला डिकोडर. त्याच दोन तारांतून अन्न आणि हुकूम दोन्ही जातात, हे या पद्धतीचे कौतुकही आहे आणि तिचे दुखणेही.

यातला हुकूम सहनशील आहे. एक निरोप साधारण सहा ते आठ मिलिसेकंदांत संपतो, आज्ञा-केंद्र तो पुन्हा पुन्हा पाठवत राहते, आणि प्रत्येक निरोपाच्या शेवटी पडताळणीचा आकडा असल्याने अर्धवट ऐकलेला हुकूम डिकोडर टाकून देतो. पाच-दहा निरोप बुडाले तरी गाडी आधीच्या हुकमावर चालत राहते. अन्नाचे तसे नाही. काही मिलिसेकंद वीज तुटली तर डिकोडरमधील सूक्ष्म संगणक विझतो, पुन्हा जागा होतो, आणि जागा होताना सारे विसरून नव्याने सुरुवात करतो. जुन्या पद्धतीतली गाडी अशा क्षणी नुसती किंचित हिसका घेई. डिजिटल गाडी हिसका घेते, आवाज बंद करते, दिवे मिचकावते आणि कधी कधी इंजिन सुरू होण्याचा आवाज पहिल्यापासून ऐकवू लागते. डिजिटल गाड्या 'नाजूक' असल्याची जी समजूत आहे तिचा उगम येथे आहे, आणि ती निम्मी खरी आहे.

संपर्काच्या या प्रश्नात धातूचा वाटा मोठा आहे. बहुतेक प्रतिकृतींचे रूळ निकेल-सिल्व्हरचे असतात. भांड्यांच्या आणि दागिन्यांच्या दुकानांत ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात तोच हा तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू, ज्यात नावापुरतीही चांदी नसते. त्याच्यावर चढणारा गंज पितळेच्या गंजापेक्षा बरा वाहक असतो म्हणून तो निवडला जातो. परंतु चाकाचा रुळाला होणारा स्पर्श इतका लहान आणि हलका असतो, की धूळ, वंगणाचा अंश आणि चाकाखाली उडणाऱ्या सूक्ष्म ठिणग्यांनी तयार होणारी काजळी एवढ्यानेही तो तुटतो. काळ्या मातीच्या मुलखात उन्हाळ्यात घरात येणारी धूळ, आणि वसमत-हिंगोलीकडे हळद पॉलिश करण्याच्या दिवसांत हवेत तरंगणारा बारीक भुगा, हे या दृष्टीने साधे शत्रू नव्हेत. रूळ सँडपेपरने घासणे हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत वाईट उपाय, कारण त्या ओरखड्यांतच पुढची घाण मुक्कामाला येते. मऊ कापडाने आणि द्रावकाने पुसणे श्रेयस्कर. द्रावक आयसोप्रोपिल अल्कोहोल असावा की रॉकेलच्या जातीचा, यावर छांदिष्टांत दोन तट आहेत, आणि दोन्ही तटांच्या गाड्या धावतात.

हा प्रश्न खेळण्यापुरता आहे असे मात्र मानू नये. खऱ्या रेल्वेत ट्रॅक-सर्किट नावाची व्यवस्था असते, जिच्यात गाडीचा आस दोन रुळांना जोडून एक मंडल पूर्ण करतो आणि त्यावरून सिग्नल यंत्रणेला 'येथे गाडी उभी आहे' हे कळते. फारशा न वापरल्या जाणाऱ्या, गंजलेल्या रुळांवर हा जोड नीट होत नाही आणि उभी गाडी यंत्रणेला दिसेनाशी होण्याचा धोका असतो. टनावारी वजनाच्या चाकाला जे कधी कधी जमत नाही, ते दोनशे-तीनशे ग्रॅमच्या इंजिनाला प्रत्येक वेळी जमावे, ही अपेक्षा मुळातच धाडसाची आहे.

चाके किती आणि त्यांतली वीज घेणारी किती, यावर म्हणून बरेच अवलंबून असते. जर्मनीच्या मार्कलिन कंपनीने दोन्ही रूळ एकाच ध्रुवाचे ठेवून दुसरा ध्रुव मधल्या खिळ्यांच्या ओळीतून आणि इंजिनाखालच्या घसरपट्टीतून घेण्याची जी पद्धत टिकवून धरली, तिच्यात डाव्या-उजव्या बाजूची सारी चाके एकमेकांना आधार देतात. दिसायला ती खोटी वाटते, चालायला मात्र भक्कम आहे. दोन रुळांच्या पद्धतीत ही सोय नाही. हिंगोलीच्या संदर्भात याचे एक रोचक उदाहरण देता येते. निजामाच्या रेल्वेने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पूर्णेहून हिंगोलीपर्यंत आणलेला मार्ग मीटरगेज होता आणि पूर्णा–अकोला मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर २००८ मध्ये पूर्ण होईपर्यंत तो तसाच राहिला. त्या काळाची प्रतिकृती एचओ प्रमाणात करायची तर १००० मिलिमीटरचा गेज साडेअकरा मिलिमीटर होतो आणि १२ मिलिमीटरचे तयार रूळ त्याला पुरेसे जुळतात. वायडीएम-४ हे मीटरगेजचे डिझेल इंजिन या प्रमाणात वीतभराहून थोडे कमी भरते. त्याला सहा आस, म्हणजे बारा चाके असल्याने बाराही चाकांतून वीज घेता येते आणि ते सहसा अडत नाही. वायपी किंवा वायजी वर्गाचे वाफेचे इंजिन केले तर मागच्या टेंडरच्या, म्हणजे कोळसा-पाण्याच्या डब्याच्या, चाकांतूनही वीज घ्यावी लागते. दोनच आसांचे शंटिंग इंजिन मात्र प्रत्येक सांध्यावर कपाळावर हात मारायला लावते.

सांध्याचा, म्हणजे एका मार्गातून दुसरा फुटतो त्या जागेचा प्रश्न आकड्यांत मांडता येतो. तेथे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो क्रॉसिंगचा भाग विरुद्ध ध्रुव भिडू नयेत म्हणून पुष्कळदा प्लास्टिकचा, म्हणजे मृत ठेवलेला असतो. ताशी ३० किलोमीटर हा खरा वेग एचओ प्रमाणात सेकंदाला सुमारे ९.६ सेंटिमीटर होतो. मृत भाग ३ सेंटिमीटरचा असला आणि इंजिन आखूड असले, तर सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा ते उपाशी राहते. मोटर आणि डिकोडर मिळून ०.१ अँपिअर घेत असतील आणि दाब ७ व्होल्टने उतरेपर्यंत डिकोडर तग धरत असेल, तर तेवढा काळ निभावण्यासाठी सुमारे ४,५०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे विजेची छोटी साठवण, इंजिनात बसवावी लागते. पूर्वी एवढ्या आकाराचा कपॅसिटर लहान इंजिनात मावत नसे. आता २.७ व्होल्टचे एक फॅरडचे पाच सुपर-कपॅसिटर एकापुढे एक जोडले की ०.२ फॅरडची साठवण होते आणि ०.२ अँपिअर घेणारे इंजिनही पाच-सहा सेकंद विजेविना चालते. गेल्या काही वर्षांत या छंदाच्या विश्वासार्हतेत जी झेप दिसते तिचे श्रेय आज्ञा-केंद्रांच्या चकचकीत पडद्यांना दिले जाते. ते प्रत्यक्षात या क्षुल्लक भागाचे आहे.

साठवणीलाही तिची किंमत असते. आवाजाचे डिकोडर आणि कपॅसिटर असलेली दहा इंजिने रुळावर उभी असताना बूस्टर सुरू केला, तर सारे कपॅसिटर एकदम भरू पाहतात आणि बूस्टरला ते शॉर्टसर्किट वाटून तो लगेच बंद पडतो. पुन्हा सुरू होतो, पुन्हा पडतो. चांगल्या संचांत म्हणूनच कपॅसिटर हळू भरण्यासाठी रोध आणि डायोड घातलेले असतात. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे : रुळाची वीज तोडणे हा गाडी थांबवण्याचा शेवटचा उपाय असतो, आणि पोटात साठा असलेली गाडी तो जुमानत नाही. निरोप येईनासे झाले की किती वेळाने थांबायचे हे डिकोडरमध्ये ठरवून देता येते; ती नोंद न करता मोठा साठा बसवणे म्हणजे ब्रेकशिवाय गाडी सोडणे होय.

रुळाच्या मागे गेले की तार येते, आणि येथे दुर्लक्ष सर्वाधिक होते. निकेल-सिल्व्हरचा विद्युतरोध तांब्याच्या पंधरा-सतरा पट असल्याने रुळालाच तार समजून लांबवर वीज नेता येत नाही. मांडणीखालून तांब्याची जाड मुख्य तार फिरवून दर मीटर-दीड मीटरला तिच्यातून रुळाला सोल्डर केलेली जोडतार द्यावी लागते. रूळ जोडणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्यांवर विसंबलेली मांडणी पहिल्या वर्षी उत्तम चालते. ०.५ चौरस मिलिमीटरची तार १० मीटर नेली, तर जाऊन-येऊन २० मीटरवर ५ अँपिअरला सुमारे साडेतीन व्होल्ट वाटेतच गळतात. तीच तार २.५ चौरस मिलिमीटरची घेतली तर गळती पाऊण व्होल्टच्या आसपास येते. घरातल्या प्लगच्या वायरिंगला वापरतात तीच ही जाडी, आणि ती कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळते.

तारेची जाडी केवळ वेगासाठी लागत नाही. ५ अँपिअर आणि १५ व्होल्ट म्हणजे ७५ वॅट. गाडी घसरून चाकाने दोन्ही रूळ जोडले की ही सारी उष्णता त्या एका बिंदूवर ओतली जाऊ शकते आणि प्लास्टिकची चौकट वितळायला एवढी पुरे होते. बूस्टर अशा वेळी तत्काळ बंद पडायला हवा. पण तारच बारीक असेल तर शॉर्टसर्किट होऊनही प्रवाह ४ अँपिअरच्या पुढे जात नाही, बूस्टरला तो नेहमीचाच भार वाटतो, आणि तार किंवा चाक तापत राहते. याची चाचणी जगभर एकाच प्रकारे घेतात : मांडणीच्या प्रत्येक टोकाला दोन रुळांवर एक नाणे आडवे ठेवायचे आणि बूस्टर बंद पडतो का ते पाहायचे. मोठ्या मांडणीचे विभाग पाडून प्रत्येकाला स्वतंत्र सर्किट-ब्रेकर दिला, तर एका कोपऱ्यातल्या घसरलेल्या डब्यापायी सारे जाळे ठप्प होत नाही.

महाराष्ट्रात या विद्येचे सार्वजनिक रूप पाहायचे तर पुण्याला जावे लागते. कोथरूड भागात भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. तेथे अनेक गाड्या, सिग्नल, रस्ते आणि दिवे असलेले एक लहान शहरच तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर ठरावीक वेळेच्या खेळात चालवून दाखवले जाते. जर्मनीत हॅम्बुर्ग येथील 'मिनिआटुर वुंडरलांड' हे २००१ मध्ये सुरू झालेले प्रदर्शन आकाराने कितीतरी मोठे आहे, परंतु दोन्हींना लागू पडणारी अट एकच. घरचा छांदिष्ट अडलेल्या गाडीला बोटाने ढकलतो आणि विसरतो. प्रेक्षकांपुढे बोट घालता येत नाही. देखभाल तेथे छंद न राहता रोजचे वेळापत्रक होते, आणि विश्वासार्हता म्हणजे मूलतः रोजची पुसापुशी, हे अशा ठिकाणी सर्वांत स्पष्ट होते.

आता मीटरपर्यंत. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा महावितरणच्या नांदेड परिमंडळात येतो. वीज मंडळाचे २००५ मध्ये विभाजन झाले त्याच्या आगेमागेची वर्षे ग्रामीण भागात दीर्घ भारनियमनाची होती. पुढे गावठाण आणि शेतीपंप यांचे फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या ११ किलोव्होल्टच्या वाहिन्या, वेगळ्या करण्याच्या योजनेने घरगुती पुरवठा शेतीच्या पाळ्यांपासून बऱ्याच अंशी सुटला. राहिलेले दुखणे वेगळ्या जातीचे आहे. वळवाच्या वाऱ्यात फांदी तारेला लागून क्षणभर जाणारी लाईट, डीपीवर, म्हणजे वस्तीच्या रोहित्रावर, भार वाढून संध्याकाळी उतरणारा दाब, आणि तीन फेजच्या वाहिनीत न्यूट्रल तुटल्यावर काही घरांत ४०० व्होल्टच्या दिशेने चढणारा दाब, हे प्रकार ग्राहकाच्या ओळखीचे असले, तरी पुरवठ्याची विश्वासार्हता मोजणाऱ्या निर्देशांकांत काही मिनिटांहून लहान खंड नेहमीच्या खंडांपासून वेगळे धरले जातात. विजेच्या शुद्धतेची चर्चा याच जिल्ह्यात एका फार वरच्या पातळीवरही होणार आहे : औंढा नागनाथ तालुक्यात उभी राहणारी लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा, जिला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी दिली. अमेरिकेतील अशा वेधशाळांच्या नोंदींत तेथील विजेची ६० हर्ट्झची गुणगुण रेघेसारखी उमटते; औंढ्याला ती ५० हर्ट्झची असेल.

छोट्या रेल्वेला इतक्या शुद्धतेची गरज नाही. जुन्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरवर चालणारा संच असेल तर २३० ऐवजी १८० व्होल्ट आल्यावर १६ व्होल्टचे साडेबारा होतात आणि गाड्या मरगळतात. लॅपटॉपच्या चार्जरसारखा एसएमपीएस पुरवठा १०० ते २४० व्होल्टमध्ये कुठेही तोच दाब देतो, त्यामुळे कमी दाबाचा प्रश्न त्याच्यापुरता मिटतो. चढलेल्या दाबाला मात्र तोही बळी पडतो, म्हणून ठरावीक मर्यादेबाहेर जोडणी तोडणारे स्वयंचलित साधन आणि नीट अर्थिंग, या दोन गोष्टी त्याच्या आधी हव्यात. वीज गेल्यावर इन्व्हर्टरला जोडणी बदलायला जो वेळ लागतो तो 'यूपीएस' प्रकारात इतका कमी असतो, की एसएमपीएसमधला साठा तेवढ्यात पुरतो; साध्या प्रकारात तो पुरेल याची खात्री नसते, आणि इन्व्हर्टरवरचा प्रकार निवडण्याचा स्विच चुकीच्या बाजूला राहिल्यामुळे उगाच दोष डिकोडरला दिला जातो. १५० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्टच्या बॅटरीतली निम्मीच क्षमता वापरली आणि वाटेतली गळती वजा केली, तरी शंभर वॅटची मांडणी सात तास चालते. एवढा वेळ सलग गाड्या चालवणारा माणूस विरळाच.

वीज जाण्यापेक्षा परत येणे अधिक घातक असते. डिकोडरमध्ये जुन्या एकदिश पद्धतीवरही चालण्याची एक सवलत ठेवलेली असते. पुरवठा डळमळत परतताना रुळावर क्षणभर निरोपाविना नुसता दाब आला, तर डिकोडर त्याला जुनी पद्धत समजतो आणि गाडी पूर्ण वेगाने सुटते. डिकोडरच्या २९ क्रमांकाच्या नोंदीतली ही सवलत बंद करणे हा फुकटचा उपाय असून तो पहिल्याच दिवशी करून टाकावा. आज्ञा-केंद्रही असे निवडावे, की वीज परतल्यावर ते रूळ मृत ठेवून माणसाच्या हाताची वाट पाहील. संगणकावरून गाड्या चालवायच्या असतील तर मेमरी-कार्डावर चालणारे छोटे संगणक अचानक वीज गेल्यावर कार्ड बिघडवून बसतात. इन्व्हर्टरची खरी गरज गाड्यांपेक्षा त्यांना अधिक आहे.

रुळातून वीज घेणेच सोडून इंजिनात लिथियम बॅटरी आणि रेडिओ बसवण्याचा एक पक्ष आहे, आणि बागेतल्या मोठ्या प्रमाणाच्या गाड्यांत तो बळकट होत आहे. एचओ प्रमाणात, त्यातही मीटरगेजच्या अरुंद अंगात, चार्जिंगची यातायात पाहता तो अद्याप पटण्याजोगा नाही. याउलट शाळांतील अटल टिंकरिंग लॅबमध्ये मिळणाऱ्या आर्डुइनो पाटीवर डीसीसी-ईएक्स ही खुली प्रणाली चढवून मोटर-शील्ड या जोडपाटीच्या आधारे दोन-तीन इंजिनांचे आज्ञा-केंद्र अल्प खर्चात होते. त्याची ताकद दोन अँपिअरच्या आत असते आणि शील्डमध्येच दीड-दोन व्होल्ट खर्ची पडतात, हे हिशेबात धरले म्हणजे झाले.

हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीत कोणी अशी मांडणी करणार असेल, तर पैसा कोणत्या क्रमाने खर्चावा याविषयी फारसा वाद राहत नाही. आधी तांब्याची जाड तार आणि सोल्डरिंगचे सामान, मग सांध्यांची क्रॉसिंग जिवंत करण्याची जोडणी, त्यानंतर लहान इंजिनांचे कपॅसिटर, आणि दाबापासून संरक्षण देणारे साधन. नाण्याची चाचणी पहिले इंजिन रुळावर ठेवण्यापूर्वी करावी, नंतर नव्हे. इन्व्हर्टर या यादीत शेवटी येतो, आणि भारनियमनाच्या वर्षांमुळे तो पुष्कळ घरांत आधीच बसलेला आहे.